तंगड्या विकल्या, कातडं फेकलं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय बेडूक. हसू नका.

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत दर पावसाळ्यात एक वाक्य कानावर पडतंच. "पूर्वी या बेडकांनी रात्री झोपू दिलं नसतं." मग कारणं सुरू होतात. कोणी मूर्त्यांचं प्लॅस्टर म्हणतं, कोणी सांडपाणी, कोणी कपाशीवरचं औषध. आणि एखादा भाऊ अगदी ठामपणे सांगतो, "अहो ते सगळे फॉरेनला गेले, तंगड्या खायला." त्यावर सगळे हसतात आणि विषय संपतो.

पण भाऊ जे बोलतो ते खरं आहे. निदान अर्धं तरी. देशभरातून बेडूक खरंच फॉरेनला गेले, टनांनी गेले, आणि ती गोष्ट आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या हयातीतली आहे.

साधारण 1950 च्या दशकाच्या मध्यापासून भारतातून बेडकांच्या गोठवलेल्या तंगड्या बाहेर जाऊ लागल्या. अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड ही गिऱ्हाइकं. सुरुवात केरळकडून झाली, मग इतर राज्यांत हा धंदा पसरला. पावसाळ्याच्या पहिल्या रात्रीत माणसं कंदील किंवा गॅसबत्ती घेऊन शेतात जायची, उजेडाने दिपलेला बेडूक हलत नाही, तो उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. कमरेपासून खालचा भाग कापायचा, कातडं सोलायचं, बर्फात घालायचं. बाकीचं फेकून. 1981 हे वर्ष या धंद्याचा कळस मानलं जातं. त्या एका वर्षात चार हजार टनांच्या वर तंगड्या निर्यात झाल्या. चार हजार टन म्हणजे चाळीस लाख किलो. एका बेडकाच्या दोन तंगड्यांचं वजन किती असतं हे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा कोट्यवधी बेडकांचा आहे हे लक्षात येईल.

यातला मुख्य बेडूक म्हणजे आपल्या ओळखीचाच. पहिल्या दणक्या पावसानंतर डबक्यात जो हळदीसारखा पिवळाधमक होऊन, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी निळे फुगे काढून ओरडतो तो नर. एरवी मातकट-हिरवा. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, जुन्या पुस्तकांत राना टायग्रिना. आमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये टाचण्या टोचून पडलेला असायचा तोही हाच. (पुढे 2014 मध्ये यूजीसीने कॉलेजांतलं प्राण्यांचं डिसेक्शन बंद करायला लावलं, पण तोवर आमच्या कित्येक पिढ्यांनी त्याचं हृदय धडधडताना बघून घेतलं होतं.)

या धंद्याविरुद्ध जे थोडे लोक उभे राहिले त्यांत मुंबईचे हुमायून अब्दुलअली होते. पक्ष्यांचा माणूस, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतला मोठा अभ्यासक. 1985 साली त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये बेडूक-तंगड्यांच्या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. त्यांचा आणि त्यांच्यासारख्या इतरांचा मुद्दा सरळ हिशेबाचा होता. बेडूक शेतातले किडे फुकट खातो. तो विकून डॉलर मिळवायचे आणि किडे मारायला पुन्हा डॉलर खर्चून औषध आणायचं, हा कसला व्यापार? सह्याद्रीत ओढ्याकाठी राहणाऱ्या एका बेडकाला 1955 मध्ये त्यांच्याच नावावरून निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी असं नाव दिलं गेलं होतं. बेडकाच्या जातीला ज्याचं नाव आहे त्याने तीस वर्षांनी बेडकांसाठी भांडावं, हे मला फार आवडतं.

1985 मध्येच या बेडकाचा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. आणि 1987 मध्ये भारत सरकारने निर्यातच बंद केली. मग धंदा थांबला का? नाही. बांगलादेशाकडे सरकला, तिथेही बंदी आली, मग इंडोनेशियाकडे. खाणारे तेच राहिले, फक्त डबकी बदलली.

आता खरी गोष्ट सुरू होते. इथपर्यंतची बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल, पुढची फारशी कोणी सांगत नाही.

त्याच 1987 साली, ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेत मायकेल झासलॉफ नावाच्या डॉक्टर-संशोधकाचा एक शोधनिबंध छापून आला. ते दक्षिण आफ्रिकेतल्या झेनोपस नावाच्या बेडकाच्या अंड्यांवर काम करायचे. मादीचं पोट कापून अंडी काढायची, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी काही गंगाजल नव्हतं, चांगलंच गढूळ आणि जंतूंनी भरलेलं. तरी जखमा चिघळायच्या नाहीत. पू नाही, सूज नाही, काही दिवसांत कातडी जुळून यायची. झासलॉफ यांनी याच साध्या गोष्टीवर विचार केला. माणसाचं असं ऑपरेशन करून त्याला नाल्यात सोडलं तर काय होईल?

उत्तर कातडीत होतं. बेडकाच्या त्वचेत बारीक ग्रंथी असतात. धोका जाणवला, जखम झाली की त्यांतून एक चिकट स्राव येतो. त्या स्रावात प्रथिनांचे छोटे तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. ते जंतूच्या आवरणाला चिकटतात आणि ते फाडतात. झासलॉफ यांनी आपल्या पेप्टाइडला मॅगेनिन नाव दिलं, ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून. 23 अमिनो आम्लांची एक साखळी, बस एवढीच.

म्हणजे बघा, आपण तीस वर्षं तंगड्या विकत होतो आणि कातडं सोलून फेकत होतो. मौल्यवान माल कातड्यात होता.

हे नुसतं अलंकारिक बोलणं नाही. 2001 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या याच पिवळ्या बेडकाच्या, राना टायग्रिनाच्या त्वचेच्या स्रावातून चार पेप्टाइड वेगळे काढले. नाव ठेवलं टायगेरिनिन. मॅगेनिनच्याही निम्मे, अकरा-बारा अमिनो आम्लांचे. जंतू मारतात, आणि तांबड्या रक्तपेशी फोडत नाहीत. ज्या प्राण्याला आपण पोत्यात भरला त्याच्याच अंगावर हे औषध होतं. 2017 मध्ये केरळातल्या बेडकाच्या त्वचेतून उरुमिन सापडलं, उरुमी या लवचिक तलवारीचं नाव दिलेलं. प्रयोगशाळेत त्याने एच-1 गटाचे फ्लूचे विषाणू नष्ट केले आणि उंदरांना वाचवलं. तो बेडूक हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. ही जात 2015 मध्ये ज्यांनी जगापुढे मांडली त्यांत पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले डॉ. आनंद पाध्ये होते. नाव आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही, खूप दूरवर पसरलेला म्हणून बहुविस्तार.

लगेच उड्या मारू नका, यातून दुकानात मिळणारी गोळी अजून आलेली नाही. मॅगेनिनवरून बनवलेलं मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी होतं, त्याला 1999 मध्ये अमेरिकेत परवानगी नाकारली गेली. आणि हो, बेडूक पकडून जखमेवर घासू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर हे फिरायला वेळ लागणार नाही म्हणून आत्ताच लिहितो. तसंच बेडकाला हात लावला की चामखीळ येते हेही खोटं. चामखीळ माणसांत पसरणाऱ्या विषाणूने येते. बेडकाचा त्यात काही हात नाही.

आता त्याच झेनोपसची दुसरी बाजू. 1930 च्या दशकात लान्सलॉट हॉगबेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या कामातून कळलं की गरोदर बाईची लघवी या बेडकाच्या मादीला टोचली तर ती काही तासांत अंडी घालते. झालं, जगभरच्या दवाखान्यांना गर्भचाचणीचं जिवंत यंत्र मिळालं. आज मेडिकलवर पन्नास-साठ रुपयांत मिळणारी पट्टी तेव्हा चार पायांची होती. 1960 च्या दशकापर्यंत हजारो झेनोपस बोटी-विमानांतून देशोदेशी गेले. काही निसटले, काही सोडून दिले गेले.

आणि 1970-80 च्या दशकांत ऑस्ट्रेलियात, मध्य अमेरिकेत डोंगरातले बेडूक नाहीसे होऊ लागले. जंगल तसंच, पाणी स्वच्छ, आणि ओढ्याकाठी मेलेले बेडूक. कारण सापडायला 1998 उजाडलं. एक बुरशी, कायट्रिड. पुढच्या वर्षी तिला पूर्ण नाव मिळालं, बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबेटिडिस. ही पाण्यातून पोहत येते आणि बेडकाच्या कातडीत घर करते. आपल्याला कातडीचा रोग म्हणजे नायटा-गजकर्ण वाटतं, मलम लावू. पण बेडूक कातडीने पाणी पितो, थोडा श्वासही तिनेच घेतो, रक्तातले क्षार तिच्यातून सांभाळतो. कातडी बिघडली की सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय थांबतं. त्यात ही बुरशी अशी पाताळयंत्री की बेडकाच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच निकामी करणारे पदार्थ सोडते. 2019 मध्ये जगभरचा हिशेब मांडला गेला तेव्हा 501 जातींची संख्या घटल्याचं आणि त्यातल्या 90 जाती बहुधा कायमच्या गेल्याचं दिसलं. एका रोगाने एवढ्या जाती संपवल्याचं दुसरं उदाहरण नाही.

संग्रहालयातल्या 1938 सालच्या एका झेनोपसवर ही बुरशी सापडली, म्हणून बरीच वर्षं सगळं खापर गर्भचाचणीच्या बेडकावर फुटलं. 2018 मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास आला आणि मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला निघालं. पसरवली मात्र माणसानेच, व्यापारातून, हे कोणीच नाकारत नाही.

म्हणजे कुळी आशियातली. मग आशियातले बेडूक का नाही मेले?

इथे आपल्या महाराष्ट्राचा एक धडा आहे. 2013 मध्ये नीलेश डहाणूकर, संजय मोलूर, आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतले, म्हणजे आपल्याच राज्याच्या घाटांतले बेडूक तपासले. बुरशी सापडली. दुर्मीळ, फक्त इथेच असणाऱ्या जातींच्या अंगावर सापडली. पण वाण आशियाई, आणि पनामासारखे मेलेल्या बेडकांचे खच कुठेच नाहीत. जुनी ओळख आहे दोघांची. ज्या रोगासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याच्याशी जमवून घ्यायला शरीर शिकतं, देवी आणि गोवर युरोपातून अमेरिकेत गेले तेव्हा तिथल्या मूळ लोकांचं काय झालं ते इतिहासात वाचलंच आहे. बेडकांच्या बाबतीत पनामाचे डोंगर म्हणजे तेव्हाची अमेरिका. पण तिथूनही 2018 मध्ये एक चांगली बातमी आली. काही जाती परत दिसू लागल्या, आणि साथीनंतरच्या बेडकांच्या त्वचेचा स्राव साथीआधीच्या बेडकांपेक्षा बुरशीला जास्त जोरात रोखतो असं आढळलं. बुरशी तेवढीच घातक राहिली होती, बदलले ते बेडूक.

बेडकाचा हा बचाव एकपदरी नाही. पेप्टाइड हा एक पदर. कातडीवर राहणारे जीवाणू हा दुसरा, त्यातल्या एकाने बनवलेला जांभळा पदार्थ कायट्रिडला मारतो. आणि तिसरा पदर ऊन. हा वाचताना मला जळगावचा असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला. ही बुरशी 17 ते 25 अंशांत मजेत वाढते, 28 च्या वर अडखळते, आणि प्रयोगशाळेत 30 अंशांवर आठ दिवस ठेवल्यावर तिचे निम्मे नमुने मेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो! आपण ज्या उन्हाला शिव्या घालतो ते खान्देशातल्या डबक्यांची राखण करत असावं, असं मला वाटतं. अर्थात तेव्हा आपला बेडूक वर नसतोच, चिखलाखाली पडून असतो. आणि डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याची थंडी बुरशीला मानवेल अशीच असते. म्हणजे ऊन हा पहारेकरी आहे, पण बारमाही नाही.

आता मेहरूणकडे येतो, आणि हे सगळं कशाला सांगितलं तेही.

आपल्या तलावात "बेडूक कमी झाले" म्हणताना आपण फक्त मेलेले मोजतो. जिवंत बेडकाची ढाल किती पातळ झाली हे कोणी बघत नाही. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बेडकावर कार्बारिल या कीटकनाशकाचा प्रयोग झाला. बेडूक मेला नाही. पण त्याच्या त्वचेतल्या पेप्टाइडचा बचाव बराच खाली आला. कार्बारिल म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली सेविन पावडर. भोपाळच्या कारखान्यात हेच बनत होतं, 1984 च्या डिसेंबरात ज्या वायूने माणसं मेली तो याच्यासाठीचा कच्चा माल. भारताने त्यावर बंदी घातली 2018 मध्ये. म्हणजे ज्या काळात आपण किडे खाणारे बेडूक पोत्यांनी पाठवत होतो, त्याच काळात त्यांच्या जागी आणलेली पावडर उरलेल्या बेडकांची ढालही उतरवत होती. अब्दुलअलींच्या हिशेबात हा आकडा नव्हता, तेव्हा तो कोणालाच माहीत नव्हता.

आपल्या जिल्ह्यात कपाशी आहे, केळी आहे, फवारणी आहे. पाऊस पडला की शेतातलं पाणी उताराने ओढ्यात आणि ओढ्यातलं तलावात. त्यात वस्त्यांचं सांडपाणी आणि विसर्जनाचं प्लॅस्टर-रंग. ज्या मेहरूणची बोरं बाजारात नावाने विकली जातात, त्या मेहरूणच्या तलावाला आपण वाहून आलेलं सगळं सामावणारी टाकी करून ठेवलंय.

"बेडूक गेले तर गेले, डासांना फवारणी आहे ना," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्यांच्यासाठी एक आकडा. कोस्टारिका आणि पनामात कायट्रिडने बेडूक नेल्यानंतरच्या वर्षांत मलेरिया वाढला. 2022 मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार कळसाला दर हजार लोकांमागे वर्षाला सुमारे एक जादा रुग्ण. हजारात एक म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण जळगाव शहराची वस्ती पाच-सहा लाखांच्या घरात धरा आणि गुणाकार करा. तिथला डास वेगळा, हवा वेगळी, आकडा जसाच्या तसा इथे लागू नाही हे कबूल. तरी डेंग्यूच्या हंगामात धुराची गाडी गल्लीत आली की मला हा गुणाकार आठवतो.

आपल्या आजी-पणजीला पेप्टाइड माहीत नव्हतं. पण पाऊस लांबला की धोंडी काढायची, मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि बेडूक बांधून पोरांनी घरोघर फिरायचं, बायांनी वरून पाणी ओतायचं, हे त्या करत होत्या. बेडकाला ते फारसं सुखाचं नसणार. पण बेडूक आणि पाणी आणि पीक ही एकाच दोरीची टोकं आहेत एवढं त्यात मान्य केलेलं होतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर अख्खं सूक्त आहे, पावसाळ्यात ओरडणाऱ्या बेडकांवर. आपण मात्र "बेडूक" हा शब्द आता फक्त दुसऱ्याला कूपमंडूक म्हणण्यापुरता वापरतो.

महापालिकेकडे मागायचं तर फार मोठं काही नाही. तलावाच्या सगळ्या काठाला दगड-सिमेंट लावू नका. एक बाजू उथळ, गवताळ, चिखलाची राहू द्या, अंडी तिथेच घातली जातात. उभ्या भिंतीवरून नखाएवढं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. गाळ काढायचा तर मे अखेरपर्यंत उरका, पहिल्या पावसानंतर यंत्र घालू नका. विसर्जनाला वेगळे हौद, आणि ते कागदावर नकोत. आणि तलावात येणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या पाण्याची कीटकनाशकांसाठी तपासणी करून आकडे लोकांसमोर ठेवा. सुशोभीकरणाला माझा विरोध नाही, मीही त्याच ट्रॅकवर चालतो.

आणि आपल्यासाठी. पाटणादेवी, मनुदेवी, पाल किंवा आंबोलीला पावसाळी सहलीला गेलात तर तिथला बेडूक, मासा, पाणवनस्पती बाटलीत घालून इकडे आणून तलावात सोडू नका. घरच्या टाकीतला कंटाळा आलेला मासा किंवा कासवही सोडू नका. परतल्यावर बुटांचा चिखल घासून काढा आणि बूट कडक उन्हात पूर्ण वाळवा, ही बुरशी कोरडेपणात टिकत नाही. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी तलावाच्या मागच्या बाजूला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी खाली लिहा. टॉर्च आणा, पिशवी नको.